शॉर्ट सेलिंग: कुणी विकलं, किती विकलं, आणि ते आपल्याला कधी कळतं? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी पार्क चौकात आम्ही सात-आठ जण नाष्ट्याला जमतो, कुणी टॉवेलचा व्यापारी, कुणी रिटायर्ड शिक्षक, दोघं-तिघं नोकरीवाली पोरं, आणि विषय फिरून फिरून मार्केटवरच येतो. शेअर पडला की पहिलं वाक्य ठरलेलं, "शॉर्टवाल्यांनी पाडलं." कोण शॉर्टवाले, किती शॉर्ट, कुठं बघितलं, असं विचारलं की सगळे चहात बघतात. तेच तेच प्रश्न परत परत यायला लागले म्हणून शेवटी लिहून काढलं. मी सेबीकडं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडं, नोंदलेला सल्लागार नाही, अमुक घ्या तमुक विका असलं काही इथं मिळणार नाही.

शॉर्ट सेलिंग म्हणजे नक्की काय ओ? जवळ नसलेला माल विकतात कसा?

सोलापुरात हा प्रश्न पडायलाच नको खरं तर. समजा तुमचं टॉवेलचं होलसेल आहे. पुण्याच्या हॉटेलवाल्यानं ५०० टॉवेलची ऑर्डर दिली, ९० रुपये नग, माल पुढच्या महिन्यात द्यायचा. गोडाऊनमध्ये एक टॉवेल नाही. पण तुमचा अंदाज आहे की सूत उतरणार, मग अक्कलकोट रोड एमआयडीसीतून ८० ला उचलू आणि देऊन टाकू. उतरलं तर ५,००० सुटले. सूत चढलं आणि टॉवेल ९८ ला घ्यावा लागला, तर ४,००० घरातून गेले, कारण शब्द दिलेला आहे. शेअरचं पण हेच, आधी विकायचं, नंतर घ्यायचं, मधला फरक तुमचा, नफा असो नाहीतर फटका. घेतलेला शेअर फार तर शून्यावर जाईल, पण विकलेला शेअर वर किती जाईल त्याला मर्यादा नाही, एवढं ध्यानात ठेवा.

एक फरक मात्र आहे. हॉटेलवाल्याला तुमचं नाव, दुकान, सगळं माहिती असतं. एक्सचेंजवर घेणाऱ्याला समोरचा कोण ते कळत नाही, आणि त्याच्याकडं माल आहे का तो पण हवेतच विकतोय हे पण कळत नाही. पारदर्शकतेचं सगळं भांडण या एका गोष्टीवरून आहे.

हे आपल्याकडं कायदेशीर आहे का?

हो, आहे. मार्च २००१ मध्ये केतन पारेख या दलालाच्या घोटाळ्यानं झालेल्या पडझडीत सेबीनं बंदी घातली होती. मग डिसेंबर २००७ मध्ये नवीन चौकट आली, फंड, विमा कंपन्या असल्या संस्थांना पण परवानगी मिळाली, आणि २१ एप्रिल २००८ पासून शेअर उसने घ्यायची रीतसर सोय सुरू झाली. चालत नाही ते नेकेड शॉर्ट.

नेकेड शॉर्ट म्हणजे?

विकायचं पण द्यायची काही तजवीजच नाही, ना स्वतःचा शेअर, ना उसना आणलेला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातला प्रकार. सेबीचा नियम साधा आहे, सेटलमेंटच्या, म्हणजे सौदा मिटवायच्या वेळी शेअर द्यायचा म्हणजे द्यायचाच.

यातला जुना किस्सा १९८२ चा. कोलकात्याच्या मंदीवाल्यांनी रिलायन्सचे शेअर जवळ नसताना दाबून विकले, भाव पाडायचा आणि खालून घ्यायचा असा बेत. पण धीरुभाई अंबानींच्या बाजूचे दलाल येईल तो माल घेत सुटले आणि सेटलमेंटला डिलिव्हरी मागितली. माल कुठून देणार? मुदत वाढवायची तर घेणाऱ्याला पैसे भरावे लागायचे, त्याला उंधा बदला म्हणायचे, तो पण मोठा मागितला. त्या भानगडीत मुंबई शेअर बाजार काही दिवस बंद ठेवायची वेळ आली होती. किती शेअर हवेत विकले गेलेत याचा आकडा त्या काळात कुणासमोरच नव्हता, विकणाऱ्यांना पण माहिती नव्हतं की आपल्यासारखे अजून किती जण विकून बसलेत.

मी सकाळी विकतो आणि दुपारी घेऊन टाकतो, मी पण शॉर्ट सेलरच का?

व्हय की. व्याख्येप्रमाणं सौद्याच्या वेळी जो शेअर तुमच्याकडं नाही तो विकला म्हणजे शॉर्ट सेल. फक्त तुम्ही त्याच दिवशी घेऊन हिशेब मिटवता म्हणून डिलिव्हरी द्यायचा प्रश्न येत नाही. म्युच्युअल फंड, विदेशी फंड, विमा कंपन्या यांना ही सोय नाही. त्यांना विकलं तर शेअर द्यावाच लागतो, घेतलं तर घ्यावाच लागतो, त्याच दिवशी उलटा सौदा मारून मोकळं होता येत नाही. लोक म्हणतात मोठ्यांना सगळं माफ असतं, इथं तरी उलटं आहे.

मग सांगावं कुणाला लागतं आणि कधी? तो २०२४ चा नियम काय आहे?

५ जानेवारी २०२४ चं सेबीचं परिपत्रक. ते मी दोनदा वाचलं, फार मोठं नाही, तुम्ही पण वाचू शकता. संस्था असेल तर ऑर्डर टाकतानाच सांगायचं की ही शॉर्ट आहे. आपल्यासारख्या किरकोळ माणसानं त्याच दिवशी ट्रेडिंगची वेळ संपेपर्यंत सांगितलं तरी चालतं. ब्रोकरनं सगळ्या ग्राहकांचे शॉर्ट शेअरनिहाय गोळा करायचे आणि दुसऱ्या दिवशी मार्केट उघडायच्या आत एक्सचेंजला द्यायचे. एक्सचेंजनं सगळ्या ब्रोकरांची बेरीज करून आठवड्यातून एकदा वेबसाईटवर टाकायचं, सगळ्यांना बघायला.

आता यात बारीक बघा. एक्सचेंजकडं आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, नियमाप्रमाणं लोकांसमोर येतो आठवड्यानं. शिळी भाकरी कुस्करून खाता येते, आठवड्याचा शिळा आकडा घेऊन शॉर्टवर ट्रेडिंग करता येत नाही. सेबीनं परिपत्रकातच म्हणून ठेवलंय की हे किती दिवसांनी टाकायचं ते वेळोवेळी बघू. माझं म्हणणं आहे की रोज संध्याकाळी टाकायला काय हरकत आहे, मोठे सौदे, म्हणजे बल्क डील, त्याच दिवशी दिसतात की.

तो आकडा वाचायचा कसा?

फाईल अगदी साधी असते, शेअरचं नाव, तारीख, किती नग शॉर्ट विकले, संपलं. आमच्यातल्या एकानं पहिल्यांदा बघितली आणि ओरडला, अमुक शेअरमध्ये ४०,००० शॉर्ट! मी म्हटलं त्या दिवशी एकूण किती उलाढाल झाली ते बघ आधी. निघाली ८० लाख नगांची. म्हणजे अर्धा टक्का. ४०,००० चा आकडा एकटा बघितला तर घाबरवतो, शेजारी ८० लाख ठेवला की चहाच्या कपात साखरेचा एक दाणा. मार्केट यार्डात जानेवारीत कांद्याच्या गाड्या लागतात तेव्हा एका गाडीवरून कुणी भाव सांगत नाही, एकूण आवक किती ते आधी विचारतात, तसं.

दुसरं म्हणजे, त्या दिवशी विकलेले शॉर्ट आणि अजून उभे असलेले शॉर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज विकून परवा मिटवले असतील तर पहिल्या आकड्यात ते दिसतील, दुसऱ्यात नाहीत. लोक हे मिसळतात आणि मग स्क्रीनशॉट फिरत राहतात.

मग सगळे शॉर्ट त्या फाईलमध्ये दिसतात का?

नाही, आणि सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. आपल्याकडं खरा शॉर्ट फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या करारांत चालतो. कॅश मार्केटमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष शेअरच्या बाजारात, उसने घेऊन विकायच्या भानगडीत पडतंय कोण, एक फ्युचर विकला की झालं काम. आणि तो फ्युचर या शॉर्ट सेलच्या फाईलमध्ये येत नाही.

फ्युचर्ससाठी दुसरीकडं बघायचं. एनएसई (राष्ट्रीय शेअर बाजार) रोज ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेल्या करारांचा आकडा टाकते, आणि कुठल्या गटाचे किती लाँग (घेतलेले), किती शॉर्ट (विकलेले) ते पण टाकते: किरकोळ ग्राहक, देशी संस्था, विदेशी संस्था आणि ब्रोकरांचा स्वतःचा धंदा. पण ते सगळ्या स्टॉक फ्युचर्सचं मिळून असतं, एकेका शेअरचं नाही. आणि ओपन इंटरेस्ट वाढला म्हणजे शॉर्ट वाढले असं धरून चालू नका, प्रत्येक विकलेल्या लॉटसमोर एक घेतलेला लॉट असतोच. आमचे शिक्षक मित्र म्हणतात तसं, लग्नं वाढली म्हणजे नवरे वाढले का बायका असं विचारण्यासारखं आहे ते.

एखाद्या शेअरमधला ओपन इंटरेस्ट ठरवलेल्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांच्या वर गेला की तो बॅन लिस्टमध्ये जातो, मग पोझिशन (उभा सौदा) वाढवता येत नाही, फक्त कमी करता येते. ही लिस्ट रोज सकाळी बघायची सवय लावा, दोन मिनिटांचं काम आहे.

शेअर उसने देता-घेता येतात म्हणे, ते कसं?

एसएलबी म्हणतात त्याला. तुमच्याकडं शेअर वर्षानुवर्षं पडून आहेत, ते कुणाला तरी ठराविक मुदतीसाठी द्यायचे आणि फी घ्यायची. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. मध्ये सौद्याची हमी घेणारं क्लिअरिंग कॉर्पोरेशन असतं, त्यामुळं घेणारा पळून गेला असं होत नाही, आणि मधल्या काळात डिव्हिडंड आला तर तो तुम्हाला मिळतो. शेजारणीला वाटीभर साखर उसनी दिली तर वाटीभरच परत येते, इथं वर थोडे पैसे पण येतात. पण या बाजारात गर्दी फार कमी आहे, बऱ्याच शेअरला घेणारा पण नसतो आणि देणारा पण नसतो. उसनं मिळायची सोयच लंगडी असली की माणूस फ्युचर्सकडं वळणारच, आणि मग कॅशमधला शॉर्टचा आकडा बारीकच दिसणार.

शॉर्ट करणाऱ्याचं नाव कळतं का?

आपल्याकडं नाही. फक्त बेरीज. आता हे जरा उलटीकडून बघा. कंपनीत कुणी १ टक्का किंवा जास्त शेअर घेऊन बसला असेल तर दर तिमाहीच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये त्याचं नाव छापून येतं. ५ टक्के ओलांडले की वेगळं कळवावं लागतं. प्रमोटरनं (कंपनीच्या मुख्य मालकानं) शेअर गहाण ठेवले तर ते पण कळवायचं. कंपनीच्या ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त शेअरची एका दिवसात उलाढाल केली तर बल्क डीलमध्ये नाव. म्हणजे जो कंपनी वर जाईल म्हणून पैसे लावतो त्याचं नाव-गाव सगळं समोर, आणि ती पडेल म्हणून लावतो तो बेरजेत लपलेला.

युरोपात असं नाही. तिथं २०१२ पासून नियम आहे, कंपनीच्या भांडवलाच्या ०.१ टक्का शॉर्ट झाला की नियामकाला गुपचूप कळवायचं (आधी ही पातळी ०.२ होती, कोविडच्या वेळी खाली आणली आणि २०२२ मध्ये कायमची केली) आणि ०.५ टक्क्याला पोचलं की नावासकट जाहीर. अमेरिकेत महिन्यातून दोनदा प्रत्येक शेअरचे उभे शॉर्ट किती ते छापतात, नावं नाहीत. ब्रिटन आधी युरोपसारखंच होतं, पण २०२५ मध्ये कायदा बदलून त्यांनी नावं न छापता बेरीज छापायचं ठरवलं.

ब्रिटननं असं का केलं हे कळायला अमेरिकेतली व्हिडिओ गेम विकणारी गेमस्टॉप कंपनी आठवा. जानेवारी २०२१ मध्ये त्या कंपनीचे जेवढे शेअर बाजारात फिरत होते त्यापेक्षा जास्त शॉर्ट होते, आकडा छापलेला होता, आणि एका मोठ्या फंडाचं नाव पण लोकांना माहिती होतं. इंटरनेटवरच्या पोरांनी ठरवून घेतलं, भाव ४८३ डॉलरपर्यंत गेला आणि त्या फंडाला बाहेरून पैसे आणावे लागले. गर्दीला नाव सापडलं की शिकार होते, आणि मग कंपनीतला घोळ शोधून काढायला पण कुणी धजत नाही, हा मुद्दा खोटा नाही.

पण माहिती दडवल्यानं पण तसाच गळा आवळला जातो. ऑक्टोबर २००८ मध्ये फोक्सवॅगनला शॉर्ट करणाऱ्यांना वाटत होतं की बाजारात भरपूर शेअर आहेत. २६ ऑक्टोबरला पोर्शे या दुसऱ्या गाडीवाल्या कंपनीनं एकदम सांगितलं की आमच्याकडं ४२.६ टक्के शेअर आहेत आणि वर ३१.५ टक्क्यांचे ऑप्शन. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याकडं २० टक्के आधीच होते. उरले सहा टक्के पण नाहीत, आणि शॉर्ट त्यापेक्षा जास्त! दोन दिवसांत शेअर १,००० युरोच्या वर, फोक्सवॅगन काही काळ जगातली सगळ्यात महाग कंपनी. तिथं माहिती लपली होती ती घेणाऱ्याची. त्यामुळं मी फक्त शॉर्टवाल्यांनी तोंड उघडावं असं म्हणत नाही, दोन्ही पारडी सारखी दिसायला पाहिजेत. आपल्याकडं ०.५ टक्क्याच्या वरच्या शॉर्टचं नाव आलं तर मला चालेल, आमच्या नाष्ट्याच्या टेबलावर मात्र यावर दोन तट आहेत आणि गेल्या रविवारी इडली गार झाली.

हिंडेनबर्गसारखे लोक आधी शॉर्ट करून मग रिपोर्ट काढतात, हे बरोबर आहे का?

यावर सगळ्यात जास्त आवाज चढतात. २४ जानेवारी २०२३ ला हिंडेनबर्ग या अमेरिकेतल्या शॉर्टवाल्या फर्मनं अदानी समूहावर रिपोर्ट काढला आणि त्यातच लिहिलं की आम्ही अमेरिकेत ट्रेड होणारे बाँड आणि भारताबाहेरचे डेरिव्हेटिव्ह (फ्युचर-ऑप्शनसारखे करार) यातून शॉर्ट आहोत. म्हणजे सांगितलं नाही असं नाही. अदानींनी आरोप नाकारले. ३ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं निकाल देताना सरकारला आणि सेबीला सांगितलं की या शॉर्ट पोझिशनमध्ये कायदा मोडला का ते बघा, आणि वर सांगितलेलं परिपत्रक त्यानंतर दोनच दिवसांनी आलं.

पुढं जून २०२४ मध्ये सेबीनं हिंडेनबर्गला नोटीस पाठवली, ती त्यांनी स्वतःच १ जुलैला वेबसाईटवर टाकली. नोटिशीतला आरोप असा की रिपोर्ट छापायच्या आधीच मसुदा एका फंडाला दाखवला आणि त्या फंडाच्या पैशातून इथं अदानी एंटरप्रायझेसच्या फ्युचर्समध्ये शॉर्ट घेतला गेला. हिंडेनबर्गनं ते फेटाळलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी दुकानच बंद केलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सेबीनं रिपोर्टमधल्या काही आरोपांतून अदानी समूहाला मोकळं केलं. तुम्ही कुठल्या बाजूचे आहात ते तुमचं तुम्ही बघा, मला त्यातून कळलं ते एवढंच की "आम्ही शॉर्ट आहोत" हे एक वाक्य पुरत नाही. किती आहात, कशातून आहात, रिपोर्ट आधी कुणाला दाखवला, नफ्यात वाटेकरी कोण, हे पण यायला पाहिजे.

आणि शॉर्टवाला म्हणजे खोटारडाच असं पण नका धरू. जर्मनीतल्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीबद्दल शॉर्टवाले आणि पत्रकार बोंबलत होते, तर तिथल्या नियामकानं फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या शेअरच्या शॉर्टवरच दोन महिने बंदी घातली. जून २०२० मध्ये कंपनीनं कबूल केलं की खात्यावर दाखवलेले १.९ अब्ज युरो बहुतेक नाहीतच.

मार्केट पडायला लागलं की शॉर्टवर बंदीच का घालत नाहीत?

घालतात की अधूनमधून. अमेरिकेनं सप्टेंबर २००८ मध्ये वित्तीय कंपन्यांच्या शॉर्टवर काही आठवडे बंदी घातली होती, त्या काळात पण शेअर पडतच राहिले. दक्षिण कोरियानं परदेशी बँकांचे नेकेड शॉर्ट सापडल्यावर नोव्हेंबर २०२३ ते मार्च २०२५ पूर्ण बंदी ठेवली. आपल्याकडं मार्च २०२० च्या कोविड पडझडीत सेबीनं पूर्ण बंदी न घालता पोझिशनच्या मर्यादा आवळल्या, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

टेलिग्रामवर एक जण रोज सांगतो की अमुक शेअर उद्या कोसळणार. ऐकू का?

त्याला एकच प्रश्न विचारा, "सर, तुमची स्वतःची पोझिशन काय आहे?" ग्रुपमधून काढून टाकलं तर उत्तर मिळालं. नोंदणीकृत रिसर्च ॲनालिस्टला आपला हितसंबंध सांगणं बंधनकारक आहे, सेबीचे २०१४ चे नियम आहेत. नोंदणी नंबर मागा आणि सेबीच्या साईटवर जाऊन बघा. खोटी बातमी पसरवून भाव हलवणं हा गुन्हा आहे, मग तो भाव वर हलवा नाहीतर खाली. तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर टाकता येते, आणि सेबीची टोल फ्री लाईन १८०० २६६ ७५७५ आहे, मराठीत बोलता येतं.

तुम्ही स्वतः कधी शॉर्टमध्ये अडकलात का?

अडकलोय ना, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत. शेअर फ्युचर्समधला नव्हता, त्याला १० टक्क्यांचं सर्किट होतं, म्हणजे दिवसात भाव त्यापेक्षा जास्त हलू देत नाहीत. आदला बंद भाव १८०. सकाळी १८४ ला २०० नग विकले, वाटलं १७८ ला घेऊ, १,२०० सुटतील, पोरांना घेऊन संध्याकाळी गड्ड्याला जाऊ. पावणेदोनला कुठलीतरी ऑर्डर मिळाल्याची बातमी आली आणि शेअर १९८ ला सर्किटला लागला. विकणाऱ्यांची रांग शून्य, घेणाऱ्यांची लांबच लांब, त्यात माझे २०० शेवटी. तीन वीसला ब्रोकरचं ऑटो स्क्वेअर ऑफ, म्हणजे सौदा आपोआप मिटवणं, पण फेल, कारण घेणार कुणाकडनं?

मग तो सौदा डिलिव्हरीत गेला, माझ्याकडं शेअर नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी एक्सचेंजनं माझ्या वतीनं शेअर घ्यायला ऑक्शन (लिलाव) घेतलं. २१५ ला मिळाले. ३१ गुणिले २००, म्हणजे ६,२०० गेले, वर ऑक्शनचे चार्जेस वेगळे. ऑक्शनमध्ये पण शेअर मिळाले नाहीत तर क्लोज आऊट होतं, म्हणजे शेअरऐवजी पैशात हिशेब मिटवतात, ते अजून महागात पडतं. ब्रोकरच्या ॲपमध्ये शॉर्ट टाकताना "हा शेअर सर्किटवाला आहे, ऑक्शनचा धोका आहे" असली एक ओळ पण आली नव्हती. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले, "सर, टर्म्समध्ये लिहिलंय." बघितलं, खरंच होतं, सदतिसाव्या पानावर. पारदर्शकता म्हटलं की सगळे सेबी आणि फंडांकडं बोट दाखवतात, मला ते सदतिसावं पान आठवतं.

इंट्राडे (त्याच दिवशी मिटवलेल्या) शॉर्टच्या नफ्यावर टॅक्स कसा?

सट्टा व्यवसायाचं उत्पन्न म्हणून धरतात, तुमच्या स्लॅबनं. तोटा झाला तर फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो आणि ४ वर्षं पुढं नेता येतो. फ्युचर्सचं वेगळं आहे, ते सीएला विचारा. आणि जाता जाता, सेबीच्याच अभ्यासात आलंय की २०२२-२३ मध्ये कॅशमध्ये इंट्राडे करणाऱ्या १० पैकी ७ जणांना तोटा झाला, ते बघून बरेचदा टॅक्सचा प्रश्न येतच नाही.

ती शॉर्टची फाईल माझ्या मोबाईलवर उघडत नाही ओ, सगळं एका ओळीत दिसतंय.

व्हॉट्सॲपमध्ये उघडू नका. डाऊनलोड करून गुगल शीट्समध्ये उघडा, मग कॉलम वेगळे दिसतात. तरी जमलं नाही तर रविवारी साडेआठला या पार्क चौकात, मोबाईल चार्ज करून आणा.